आळशी माणसाचा वेगवान कंपायलर

होस्टेलवर रात्री मेसमधून आलं की दोन विषयांवर हमखास वाद होतो. एक क्रिकेट आणि दुसरा, कुठली लँग्वेज फास्ट! सी वाले छाती पुढे काढतात आणि पायथनवाल्यांची सगळेच मिळून उडवतात. मला अशा वेळी जॉन बॅकस आठवतो. कारण हा वाद त्याने नुसत्या गप्पांनी नाही, तर अडीच-तीन वर्षं घाम गाळून लढवला होता.

बॅकसचा जन्म ३ डिसेंबर १९२४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. शाळेत अभ्यासाच्या नावाने बोंब. व्हर्जिनिया विद्यापीठात केमिस्ट्रीला गेला, पण लेक्चरला बसायचाच नाही म्हणून बाहेर पडावं लागलं. आपल्या भाषेत, डिटेन्ड! मग सैन्य, मग मेडिकलचं शिक्षण, तेही अर्धवट. चांगला म्युझिक सेट बनवायचा म्हणून रेडिओ दुरुस्तीच्या शाळेत गेला आणि तिथे गणिताची गोडी लागली. शेवटी १९४९ साली कोलंबिया विद्यापीठाची गणिताची पदवी घेतली. १९५० मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमचा भलामोठा कॉम्प्युटर बघायला गेला आणि नोकरी घेऊनच बाहेर आला.

तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे थेट मशीनच्या भाषेतल्या सूचना. बॅकस स्वतःला आळशी म्हणवायचा; हे किचकट काम त्याला नको होतं. १९५३ साली त्याने आयबीएम ७०१ साठी ‘स्पीडकोडिंग’ बनवलं. लिहायला सोपं, पण प्रत्येक सूचना चालता चालता उलगडायची, म्हणून चालायला हळू. तरी ते खपून गेलं. कारण ७०१ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअरच नव्हतं. ती गणितं तशीही सॉफ्टवेअरने रखडतच व्हायची, त्यात उलगडण्याचा वेळ झाकला जायचा.

पुढचं मशीन ७०४. त्यात फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअरमध्ये आलं आणि झाकण उडालं! आता सोपेपणाची किंमत सरळ घड्याळात दिसणार होती. म्हणून बॅकसने १९५३ च्या शेवटी साहेबांना पत्र लिहून नवा प्रस्ताव मांडला: गणिती सूत्रासारखं लिहायचं आणि त्याचं मशीनच्या भाषेत आधीच भाषांतर करून टाकायचं. हेच फोरट्रान.

जुनेजाणते प्रोग्रॅमर हसले. मशीन काय माणसाइतका घट्ट कोड लिहिणार? बॅकसलाही धास्ती होती, की आपला कोड हाताने लिहिलेल्याच्या निम्म्या वेगाने चालला तर कुणी ढुंकून बघणार नाही. म्हणून टीमने भाषेपेक्षा ऑप्टिमायझेशनवर जास्त डोकं लावलं. लूपमधला ॲरेचा पत्ता पुन्हा पुन्हा न काढता कसा मिळवायचा, मोजक्या इंडेक्स रजिस्टरमध्ये कुठल्या वेळी काय ठेवायचं, यावर महिने गेले. मशीन रात्री मोकळं मिळायचं, म्हणून ही मंडळी दिवसा जवळच्या हॉटेलात झोपायची आणि रात्री नाईट मारायची. सहा महिन्यांचा अंदाज होता; कंपायलर बाहेर पडला १९५७ च्या एप्रिलमध्ये.

निकाल? त्यातून निघालेला कोड कधी कधी इतका हुशार असायचा की खुद्द टीमच चक्रावून जायची. १९५८ मध्ये ७०४ वापरणाऱ्या २६ केंद्रांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त केंद्रांवर निम्म्याहून जास्त कामं फोरट्रानमध्ये चालली होती.

बॅकस तिथेच थांबला नाही. भाषेचं व्याकरण मांडण्याची त्याची पद्धत आपण कंपायलरच्या पेपरला बीएनएफ म्हणून लिहितोच. १९७७ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, तर त्या भाषणात त्याने फोरट्रानच्या घराण्यातल्या भाषांवरच टीका केली. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यात एकेक शब्द ये-जा करतो, ही अडचण त्याला खुपत होती. १७ मार्च २००७ रोजी ओरेगनमधल्या ॲशलंड इथे तो वारला.

मित्रांनो, या गोष्टीतून मी एवढंच घेतलं: वेग एकट्या भाषेत नसतो, भाषांतर कोण आणि कसं करतं यातही असतो. पटत नसेल तर मॅट्रिक्स गुणाकाराचा एकच सी प्रोग्रॅम एकाच मशीनवर ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि मग चालू करून पळवा. शेवटी उत्तर प्रिंट करायला विसरू नका, नाहीतर हुशार कंपायलर अख्खा लूपच गाळून टाकेल आणि तुम्ही शून्य सेकंद मोजत बसाल!