ऑयलर आणि माझी मध्यरात्र

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मी एक संख्या निवडली : २,१४,७४,८३,६४७. तिची माझी ओळख एका मध्यरात्री झाली. कामावर नोंदींच्या क्रमांकासाठी मी बत्तीस बिटांची जागा ठेवली होती. धन-ऋण दोन्ही संख्या धरणाऱ्या त्या जागेत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. नोंदी तिथवर पोचल्या आणि सगळं ठप्प झालं. चूक माझीच होती. दुरुस्ती करून पहाटे त्या संख्येविषयी वाचत बसले, तर ती मूळ संख्या निघाली. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. ती मूळ आहे हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलर यांनी, आणि तेही दृष्टी गेल्यावर!

ऑयलर यांचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा. वडील धर्मोपदेशक, मुलानंही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. योहान बर्नुली यांनी मुलाची गणितातली चमक ओळखून वडिलांचं मन वळवलं. विसाव्या वर्षी ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तिशीच्या आसपास त्यांचा उजवा डोळा निकामी झाला. १७४१ पासून पंचवीस वर्षं बर्लिनमध्ये काढून ते १७६६ साली पीटर्सबर्गला परतले आणि लवकरच मोतीबिंदूनं डावा डोळाही गेला. १७७१ साली आगीत घर जळालं. तरी ते मुलांना, साहाय्यकांना तोंडी सांगून लिहवून घेत राहिले. त्यांच्या अफाट लेखनातलं जवळजवळ निम्मं या शेवटच्या पर्वातलं आहे.

१७७२ साली, पासष्टीत, त्यांनी बर्नुली घराण्यातल्याच एका गणितज्ञाला पत्रातून कळवलं की ही संख्या मूळ आहे. वर्गमुळापर्यंतचेच विभाजक तपासायचे, हे आपण शाळेत शिकलो. पण इथे वर्गमूळच ४६,३४० च्या वर! ऑयलर यांनी आधी विचार केला. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. अशा संख्या उरतात सुमारे पावणेचारशे; त्यांतल्याही फक्त मूळ संख्यांनी भागून पाहायचं. एकानंही भाग जाईना. पुढची पाऊणशे वर्षं तरी याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

१७८३ साली ऑयलर गेले. त्या दिवशीही ते आकडेमोडीत होते.

दहावीत मी रीत गाळून थेट उत्तर लिहायचे. गणिताचे सर गुण कापायचे आणि मी आठवडाभर धुमसायचे. आज माझं यंत्र त्या पावणेचारशे संख्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतं. पण पावणेचारशेच का, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. संमेलनात सरांना भेटून तो जुना राग मागे घेणार आहे. आणि हो सर, जागा आता चौसष्ट बिटांची केली आहे.