ठाण्याचे धन्यवादित थॉमस आणि तलवारीनंतरचे क्षण



आपल्या धुळ्याच्या बाजारपेठेतला आग्रा रोड ज्या महामार्गाचा, तोच महामार्ग पुढे ठाण्याला जातो. त्या ठाण्यात ९ एप्रिल १३२१ रोजी टोलेन्टिनोचे धन्यवादित थॉमस यांचा शिरच्छेद झाला. पोर्तुगीज येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही घटना आहे. तरीही आपल्या खानदेशातल्या घरांतून या हुतात्म्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही.

मध्यंतरी धर्मशिक्षणाच्या वर्गात स्नापक योहानाचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, की डोके तुटल्यावर माणसाला किती वेळ कळत असते? वर्गात थोडे हसू झाले, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. घरातले माणूस अपघातात गेले की त्याची आई हेच निराळ्या शब्दांत विचारते. म्हणून थॉमस यांचे चरित्र सांगताना या प्रश्नालाही हात घालण्याचे आम्ही ठरवले आहे.

थॉमस यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्याला इटलीतील टोलेन्टिनो गावी झाला. तरुण वयातच ते संत फ्रान्सिस यांच्या संघात गेले. संत फ्रान्सिस यांच्यामागे त्यांच्या संघात दारिद्र्याच्या व्रतावरून वाद पेटला होता. व्रत जराही सैल करू नये असे म्हणणाऱ्यांत थॉमस होते आणि त्यापायी स्वतःच्याच संघाने त्यांना काही वर्षे तुरुंगात ठेवले. १२८९ मध्ये रेमंड गॉफ्रेदी संघप्रमुख झाले. त्यांनी या कैद्यांना सोडवून आर्मेनियाला पाठवले. पुढे थॉमस आर्मेनियाच्या राजाचे दूत म्हणून युरोपात आले. १३०७ मध्ये त्यांनी पोप पाचवे क्लेमेंट यांच्यासमोर चीनमधील मिशनकार्याचा वृत्तांत मांडला आणि त्याच वर्षी पोपमहाशयांनी खानबालिक (आजचे बीजिंग) येथे आर्चबिशप नेमले.

साठी उलटल्यावर थॉमस पुन्हा पूर्वेकडे निघाले. सोबत पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, अनेक भाषा जाणणारे जॉर्जियाचे डिमेट्रियस आणि डोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन होते. प्रेषित थॉमस यांच्या कबरीचे दर्शन घ्यायला मैलापूरला जावे, असा बेत होता. पण होर्मुझहून निघालेले गलबत वाऱ्याने ठाण्याच्या किनाऱ्याला आणले. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती. त्यांतल्या एका घरी ते उतरले. फादर जॉर्डन दुसऱ्या गावी गेल्यामुळे वाचले.

पुढची हकीकत पोर्देनोनेचे ओडोरिक यांनी सांगून ठेवली आहे. ते थोड्याच काळाने ठाण्याला आले होते. ज्या घरी हे पाहुणे होते तिथे नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने मारले म्हणून बाई काझीकडे गेली. साक्षीला हे धर्मबंधू आहेत असे तिने सांगितले, आणि पीटर यांना सामानावर ठेवून बाकीचे तिघे काझीपुढे गेले. तिथे भांडण राहिले बाजूला आणि धर्माची चर्चा सुरू झाली. शेवटी त्यांना पैगंबरांविषयी विचारण्यात आले. थॉमस यांनी दिलेले उत्तर फार कडक होते. आज कोणी धर्मगुरू तसे उत्तर देणार नाही, देऊही नये असे आमचे मत आहे.

त्यांना सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत उन्हात उभे केले. एप्रिलचे ऊन काय असते ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको. जेम्स यांना आगीत टाकले आणि ते न भाजता बाहेर आले, असेही ओडोरिक सांगतात. मग तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना गुपचूप निघून जाण्याचा सल्ला दिला. पण काझीच्या आग्रहामुळे रात्री चार हत्यारबंद माणसे त्यांच्या मागावर आली. त्यांनी धर्मबंधूंना सांगितले, की तुम्ही भली माणसे आहात, हे काम आम्हाला करायचे नाही, पण केले नाही तर आमची बायकामुले मारली जातील. यावर धर्मबंधूंनी त्यांना हुकूम पाळायला सांगितले. थॉमस यांचे मस्तक उडवले. जेम्स यांच्या डोक्यावर डोळ्यांपर्यंत वार बसला, मग मान तोडली. डिमेट्रियस यांच्या छातीत आधी खंजीर खुपसला. पीटर ११ एप्रिलला मारले गेले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

धड आणि डोके यांचा निराळा विचार करावा लागतो. कोंबडी कापल्यावर ती अंगणात धावते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १६६५ साली पुरंदरावर पडलेल्या मुरारबाजी देशपांड्यांचे शीर तुटल्यावरही धड लढत राहिले असे लोक सांगतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू स्नायूंना हालवू शकतो हे खरे. त्या हालचालीत जाणीव मात्र नसते. खरा प्रश्न डोक्याचा आहे.

तो प्रश्न जुना आहे. तुटलेले मस्तक बोलले अशी कथा ॲरिस्टॉटलच्या काळीही सांगत असत. श्वासनलिका तुटल्यावर फुप्फुसांतली हवा येणार कोठून, म्हणून आवाज निघणे शक्य नाही, असे त्याने दाखवून दिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल कोरडा वाटे, पण इथे तो गावच्या शहाण्या वैद्यासारखा बोलतो. देकार्तने १६३७ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे, की तुटलेली डोकी थोडा वेळ हालतात, माती चावतात, परंतु त्यांत जीव नसतो. हालचाल पाहून जाणीव आहे असे म्हणता येत नाही, ही गोष्ट या दोघांनी ओळखली होती.

फ्रान्समध्ये गिलोटिन आल्यावर हा वाद पुन्हा पेटला. लाव्हॉझिए या रसायनशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये मरताना डोळे मिचकावून प्रयोग केला अशी गोष्ट पुष्कळदा छापली जाते. तिला त्या काळचा काहीच आधार नाही. १९०५ मध्ये ओर्लेआँ येथे डॉक्टर बोरिओ यांनी लांगिय नावाच्या कैद्याच्या तुटलेल्या मस्तकाला नावाने हाक मारली. दोनदा डोळे उघडले, नजर आपल्यावर स्थिर झाली, तिसऱ्या हाकेला काही नाही, आणि हे सारे २५ ते ३० सेकंदांत झाले, असे त्यांनी लिहिले. पापण्यांची ती नुसती स्नायूंची हालचाल होती, असे पुष्कळ डॉक्टर मानतात.

मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू घेतो सुमारे २० टक्के, आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. एकदम उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्त क्षणभर कमी पडल्यामुळे. १९४३ मध्ये अमेरिकेत निरोगी पुरुषांच्या मानेभोवती पट्टा फुगवून मेंदूचे रक्त थांबवून पाहिले. सरासरी सुमारे सात सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही.) तलवारीच्या घावाने तर मेंदूचे रक्त एकदम थांबते आणि उरलेलेही वाहून जाते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील नाईमेखन येथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतील विजेची नोंद प्रसिद्ध केली. मान तुटल्यावर चार सेकंदांच्या आसपास जाणिवेशी निगडित लहरी अर्ध्याहूनही खाली आल्या. सुमारे मिनिटभराने एक मोठी संथ लाट दिसली. पण त्या वेळी उंदराला काही जाणवत होते असे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणजे त्या मुलाला आमचे उत्तर असे, की शक्यता फार तर काही सेकंदांची आहे. त्या सेकंदांत काय असते ते कोणी परत येऊन सांगितलेले नाही. घावाच्या धक्क्याने जाणीव तत्क्षणीच जात असेल, हेही शक्य आहे.

कोणी म्हणेल, मग त्या सेकंदांत आत्मा डोक्यात असतो की धडात? संत थॉमस अक्विनास (हे निराळे थॉमस, १२७४ मध्ये वारले) यांच्या मते आत्मा शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात बसलेला नसतो. तो सबंध शरीरात आणि प्रत्येक अवयवात पूर्णपणे असतो. म्हणून मान तुटल्याने माणसाचे दोन होत नाहीत. मृत्यूची नेमकी वेळ ठरवणे मात्र ख्रिस्तसभेने स्वतःकडे घेतलेले नाही. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी ते काम स्पष्टपणे डॉक्टरांकडे सोपवले. याच कारणाने माणूस गेला की आहे याची शंका असेल, तेव्हा धर्मगुरूने पवित्र तेलाचा संस्कार द्यावा असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. महामार्गावर अपघात झाल्यास आता काय उपयोग म्हणून आम्हाला बोलावण्याचे टाळू नका. लगेच फोन करा, रात्र असली तरी.

थॉमस यांच्या बाबतीत आम्हाला त्या शेवटच्या सेकंदांपेक्षा आधीचे तास अधिक जड वाटतात. तलवारीचे काम क्षणात झाले. सहा तासांचे ऊन, चौकशी, सुटल्याची आशा आणि मग रात्री पुन्हा आलेली माणसे, हे सारे त्यांनी पूर्ण शुद्धीत सोसले. तेही साठी उलटलेल्या देहाने. आणि मारायला आलेल्या माणसांच्या बायकामुलांचा विचार करण्याइतके त्यांचे मन तेव्हा जागे होते.

फादर जॉर्डन यांनी परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, पुरले. पुढे ओडोरिक यांनी अस्थी काढून चीनला नेल्या. थॉमस यांचे मस्तक कालांतराने टोलेन्टिनोला पोहोचले आणि १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या भक्तीला मान्यता दिली.