कविवर बनारसीदास : जीवन आणि काव्य

कादंबरीकार आपली सुखदुःखे पात्रांच्या स्वाधीन करतो आणि स्वतः पडद्याआड राहतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एका व्यापाऱ्याने मात्र हा पडदा दूर सारला. समयसार नाटकाचे कर्ते म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्या कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ हे हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. समयसार नाटकाचा नित्य स्वाध्याय करणारे अनेक बंधू-भगिनी या ग्रंथाकडे वळत नाहीत. वस्तुतः एकावाचून दुसरा पुरता उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.

विक्रम संवत १६४३ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाने पेढीवर बसावे ही त्यांची इच्छा. मुलाचे चित्त काव्यात आणि प्रेमप्रकरणांत. ऐन किशोरवयात त्यांनी शृंगारप्रधान असे सुमारे हजार पद्यांचे काव्य रचले. इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा ते जिन्यावर बसले होते. ती ऐकताच भोवळ येऊन पडले व त्यांचे कपाळ फुटले. पुढे लवकरच, मित्रांसमवेत गोमतीच्या पुलावर ते काव्य वाचीत असता, आपण जे लिहिले ते सारे कल्पित आहे, या विचाराने त्यांनी पोथीच नदीत टाकून दिली. मित्र हळहळत राहिले.

कल्पिताचा असा त्याग केलेल्या कवीला आयुष्याने पुढे पुष्कळ विषय दिले. वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास धाडले. कपड्यांत बांधलेली रत्ने हरवली, मालात खोट आली. हाती काही न उरल्यावर ते कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवू लागले आणि सायंकाळी ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने वाचून दाखवू लागले. श्रोत्यांत तो कचोरीवालाही असे. आपण निर्धन आहोत हे बनारसीदासांनी त्याला स्पष्ट सांगितले, तरी त्याने उधारी थांबवली नाही. सहा-सात महिन्यांची ती उधारी चौदा रुपये झाली व पुढे ती चुकती केली गेली, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या हातानेच कविता लिहिली की ती अशी होते! पत्नीने साठविलेले वीस रुपये पतीच्या हाती ठेवले आणि सासूबाईंनी गुप्तपणे दोनशे दिले, हा प्रसंग तर कोणत्याही व्यापारी कुटुंबाच्या काळजाला भिडेल. त्या भांडवलातून घेतलेल्या कापडातही पुन्हा तोटाच झाला. आम्हा कापडवाल्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

त्यांचे तीन विवाह झाले. सात पुत्र व दोन कन्या झाल्या; नऊपैकी एकही अपत्य जगले नाही. हे दुःख त्यांनी अगदी मोजक्या शब्दांत सांगितले आहे. १६१६ मधील आग्र्याच्या प्लेगचे वर्णनही तसेच, विलापाविना.

पुढे समयसारावरील राजमल्लांची टीका हाती आली आणि अध्यात्माची ओढ लागली. आरंभी या ज्ञानाचा विपर्यास झाला. मित्रांसह कोठडीत नग्न होऊन आपणच मुनी झालो असे म्हणत नाचण्यापर्यंत मजल गेली. घराण्याची अब्रू जिवापाड जपणाऱ्या वणिक समाजात हे स्वतः लिहून ठेवणे सोपे नव्हते. पांडे रूपचंदांच्या सहवासात मन स्थिर झाले आणि संवत १६९३ मध्ये ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. मूळ तत्त्वज्ञान कुंदकुंदाचार्यांचे, कलश अमृतचंद्राचार्यांचे. परंतु जीव हा संसाराच्या रंगभूमीवर नाना वेष घेतो, हे सांगणाऱ्या कवीने प्रेमिक, कर्जदार, व्यापारी आणि पुत्रहीन पिता हे वेष स्वतः घेतलेले होते. म्हणूनच तो तात्त्विक विषय त्यांच्या वाणीत कोरडा राहिला नाही.

संवत १६९८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ६७५ पद्यांत ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून हे निम्मे कथानक. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही मांडले. एकांतात नाचण्याची आवडही त्या यादीतून वगळली नाही. उरलेले अर्धे लिहिण्यास मात्र आयुष्य उरले नाही. त्यांची स्फुट रचना आग्र्याच्या जगजीवन यांनी संवत १७०१ मध्ये ‘बनारसीविलास’ या नावाने एकत्र केली, आणि ‘अर्धकथानक’ पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादून १९४३ मध्ये आपल्या मुंबईतून प्रसिद्ध केले.