विश्लेषण : ‘माय ब्रदर निखिल’मागचे डॉमनिक डिसोझा कोण होते? एचआयव्हीबाधिताला ६४ दिवस डांबून ठेवण्याचे ते प्रकरण काय?

ओनीर दिग्दर्शित ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट २००५ मध्ये आला. गोव्यातील एक जलतरणपटू, त्याला झालेली एचआयव्हीची लागण, घराने फिरवलेली पाठ आणि खंबीरपणे उभी राहिलेली बहीण अशी ही कथा. संजय सुरी, जुही चावला आणि पूरब कोहली यांच्या त्यात भूमिका होत्या. तपशील काल्पनिक असले, तरी त्यामागे एका खऱ्या माणसाचे आयुष्य होते. डॉमनिक डिसोझा हे त्याचे नाव. एड्सच्या भीतीपोटी केलेल्या कायद्याची झळ त्यांना बसली. त्याविरुद्धचा खटला कुटुंब हरले, पण पुढच्या तीन दशकांत देशाचे धोरण त्यांच्याच मुद्द्याकडे वळले.

डॉमनिक डिसोझा कोण होते?

डॉमनिक हे गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या पर्रा गावचे. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या निसर्ग संवर्धन संस्थेत ते काम करत. नाटकाची आवड होती आणि गोव्यातील हौशी रंगभूमीवर त्यांचा मित्रपरिवार होता. ते नियमित रक्तदान करत. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतूनच त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. गोव्यात नोंद झालेले ते पहिले एचआयव्हीबाधित ठरले.

मात्र, ही बाब त्यांना कोणी समोर बसवून समजावून सांगितली नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस घरी आले आणि त्यांना म्हापशाला घेऊन गेले. तेथील रुग्णालयातून त्यांची रवानगी हळदोणा येथील क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या, वापरात नसलेल्या आरोग्यधामात झाली. बाहेर पहारा बसला. गुन्हा काहीच नव्हता, तरी पुढचे ६४ दिवस त्यांनी तिथे काढले.

कोणत्या कायद्याने त्यांना डांबले?

गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ या कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधित व्यक्तीला विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. किती काळ आणि कोणत्या अटींवर ठेवायचे, हे सरकार ठरवणार होते. पटकी किंवा प्लेगसारख्या साथीत रुग्णाला वेगळे ठेवण्याची जी जुनी पद्धत होती, तीच येथे लागू करण्यात आली.

अडचण अशी, की एचआयव्ही त्या पद्धतीने पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांच्या वापरलेल्या सुया आणि बाधित आईकडून बाळाला हे त्याचे मार्ग आहेत. स्पर्श, खोकला, एकत्र जेवण, डास किंवा एकच स्वच्छतागृह यांतून तो पसरत नाही. १९८९ मध्येही हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. भारतातील पहिली प्रकरणे १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली होती. ती शोधणाऱ्यांत मराठी कुटुंबात, गायतोंडे घराण्यात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन होत्या. शास्त्रज्ञांना माहीत असलेली ही गोष्ट कायदा करणाऱ्यांपर्यंत आणि पोलीस ठाण्यापर्यंत मात्र झिरपलेली नव्हती.

आईने न्यायालयात काय मागितले?

चित्रपटात बहीण लढते. प्रत्यक्षात लढल्या त्या आई लुसी डिसोझा. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका दाखल केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमनिक यांच्या मित्रांनी बाहेर जनमत जागवले. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर एप्रिलमध्ये डॉमनिक घरी परतले.

मूळ प्रश्न मात्र कायद्याच्या वैधतेचा होता. विलगीकरणाला शास्त्रीय आधार नाही, त्यामुळे समानतेचा, संचाराचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क डावलला जातो, असा युक्तिवाद झाला. शिवाय पकडून कोंडतील या भीतीने लोक तपासणीच टाळतील आणि लागण छुपेपणाने वाढेल, हा मुद्दाही त्यात होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांत संघर्ष झाल्यास सार्वजनिक हिताला प्राधान्य, अशी भूमिका घेत तरतूद वैध ठरवण्यात आली. लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य हा निकाल आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात चर्चिला जातो.

सुटकेनंतर काय झाले?

घरी आल्यावरही आयुष्य पूर्ववत झाले नाही. नाव जगजाहीर झाले होते, नोकरी सुटली होती. डॉमनिक यांनी लपून राहण्याऐवजी उघडपणे बोलायचे ठरवले. देशात एचआयव्हीबाधित म्हणून चेहरा न झाकता समोर येणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. एप्रिल १९९२ मध्ये मैत्रीण आणि नाट्यकर्मी इझाबेल व्हास यांच्यासह त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली. बाधितांना आधार आणि लोकांना माहिती देणे हा तिचा उद्देश. त्यानंतर महिन्याभरातच, मे १९९२ मध्ये, एड्सशी संबंधित आजाराने त्यांचे निधन झाले. संस्थेचे काम सहकाऱ्यांनी पुढे नेले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत रॉन वुडरूफ यांचे निधन झाले. ‘डॅलस बायर्स क्लब’ हा २०१३ मधील चित्रपट त्यांच्यावर आहे. टेक्सासमधील या इलेक्ट्रिशियनने मान्यता नसलेली औषधे परदेशातून आणून रुग्णांना पुरवली आणि त्यासाठी सरकारी यंत्रणेशी झगडा केला. त्यांचा लढा औषधासाठी होता. डॉमनिक यांना त्याआधी साधे मोकळे फिरण्यासाठी लढावे लागले.

उपचार कधी आले?

एझेडटी या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली, पण एकट्या औषधाचा परिणाम फार काळ टिकत नसे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. डॉमनिक यांच्या निधनानंतर जेमतेम चार वर्षांनी. मात्र, वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी उपचार सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक.

आज वेळेवर निदान झाले आणि औषध नियमित घेतले, तर बाधित व्यक्ती जवळपास सामान्य आयुर्मान जगू शकते. रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न दिसण्याइतके खाली आले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

कायदा कसा बदलला?

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. पुढे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी आणि माहिती उघड करणे यांवर त्याने निर्बंध घातले. नोकरी, शिक्षण, उपचार आणि घर यांत भेदभाव करण्यास मनाई केली.

खारघरसारख्या शहरात याचा अर्थ काय? भाडेकरूला एचआयव्ही आहे म्हणून घर रिकामे करायला सांगणे, नोकरीवर घेताना ही चाचणी सक्तीची करणे किंवा रुग्णालयाने उपचार नाकारणे हे कायद्याला धरून नाही. रुग्णाचा अहवाल त्याच्या शेजाऱ्यांना किंवा वरिष्ठांना परस्पर सांगणेही नाही.

तपासणी कुठे करावी?

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत तपासणी व समुपदेशन मोफत आणि गोपनीय असते. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे. लागण आढळल्यास एआरटी केंद्रात मोफत औषधे सुरू होतात. १९८९ मध्ये डॉमनिक यांना अहवालानंतर पोलिसांची गाडी दिसली. आज त्याच अहवालानंतर समुपदेशक भेटतो आणि उपचार सुरू होतात. लुसी डिसोझा यांच्या याचिकेतला मुद्दा हाच होता : भीती दाखवली तर माणूस तपासणीपासून पळतो, भरवसा दिला तर तो स्वतःहून येतो.