मिस कॉलचा पणजोबा आणि रोलंड हिल

कॉलेजात असताना मी घरी एक मिस कॉल दिला की अर्थ ठरलेला : पोचलो. खर्च शून्य. ही आपलीच आयडिया, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग रोलंड हिल वाचला.

हिलचा जन्म १७९५चा, इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचा. पेशाने शिक्षक. तेव्हा टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा द्यायचा, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. लंडन-एडिंबरा पत्राला एक शिलिंगच्या वर! मग लोक पाकिटावरच खुणा करायचे. घेणारा खूण बघून मजकूर ओळखायचा आणि पत्र परत करायचा. कोणी वर्तमानपत्रातल्या अक्षरांखाली टिंबं देऊन निरोप धाडायचा. (पत्र नाकारणाऱ्या बाईची गोष्ट हिलच्या नावावर सांगतात, पण ती कवी कोलरिजने पाहिलेली. हिलने ती फक्त वापरली.)

हिलने हिशोब मांडला. लंडनहून एडिंबराला एक पत्र वाहून न्यायला खर्च येतो पेनीचा ३६वा भाग! महाग होती ती वसुली आणि नोंदी. १८३७मध्ये त्याने पुस्तिका काढली : अर्ध्या औंसाला एक पेनी, देशभर एकच दर, पैसे आधी. १० जानेवारी १८४०ला हा दर लागू झाला, मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे पहिलं चिकटवायचं तिकीट आलं. पैसे न भरलेल्या पत्राला दुप्पट आकार. आपल्याकडचं बैरंग पत्र हेच. खुणांची युक्ती आता कोण कशाला करेल?

पण लोकही वस्ताद. काळ्या तिकिटावर लाल शिक्का बसायचा, तो पुसून तिकीट पुन्हा चिकटवायचे. म्हणून १८४१मध्ये तिकीट लाल झालं, शिक्का काळा. खाली कोपऱ्यांतली अक्षरं प्रत्येक तिकिटाला वेगळी होतीच, बनावट पकडण्यासाठी.

पहिल्याच वर्षी पत्रं दुपटीहून जास्त झाली, पण टपाल खात्याचा नफा कोसळला. खात्यातले अधिकारी आधीपासून विरोधात होते. सरकार बदललं आणि १८४२मध्ये हिलला चक्क घरी बसवलं! माझ्या मते हा निव्वळ अन्याय होता. चार वर्षांनी पुन्हा बोलावलं, १८५४मध्ये तो खात्याचा सचिव झाला. त्याच वर्षी भारतातही अंतर न मोजता अर्ध्या आण्याचं टपाल सुरू झालं.

१८७९मध्ये हिल गेला. त्याला वेस्टमिन्स्टर अॅबीत पुरलं.