अनुदानाची वाट जिल्ह्याकडे वळवणारे वसंतराव

नरखेड तालुक्यातील एखाद्या संत्रा बागायतदाराला अनुदानातून विहीर हवी असेल, तर त्याची फाईल पंचायत समितीतून नागपूरच्या जिल्हा परिषदेकडे जाते. ही वाट ज्यांच्या समितीने आखली, त्या वसंतराव नाईक यांची ओळख हरितक्रांतीचे मुख्यमंत्री अशीच राहिली. जिल्हा परिषदेच्या तिजोरीशी असलेले त्यांचे नाते फारसे सांगितले जात नाही.

१ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली या गावी, बंजारा समाजातील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, पुढे कायद्याची पदवी आणि पुसदला वकिली, असा त्यांचा प्रवास झाला. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. गावाच्या गरजा आणि अपुरा निधी यांचा मेळ घालणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना तेथेच मिळाला.

महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा महसूलमंत्री असलेल्या नाईकांकडे जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्षपद आले. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगटाला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला. तज्ज्ञ अभियंते, कृषी अधिकारी आणि पुरेसा पैसा सांभाळण्याची ताकद जिल्ह्यातच असू शकते, हा त्यामागील विचार होता. आमदार, खासदार आणि जिल्हाधिकारी या तिघांनाही परिषदेबाहेर ठेवण्याची शिफारस धाडसाचीच म्हणावी लागेल.

मार्च १९६१ च्या अहवालावर त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. योजनांसोबत पैसा आणि कर्मचारीही परिषदांकडे आले. ठरावीक कामांसाठी सहेतुक अनुदान, कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी आस्थापना अनुदान अशी विभागणी झाली. जमीनमहसुलावर उपकर बसवून स्वतः पैसा उभारणाऱ्या परिषदेला त्याच्या प्रमाणात शासनाची जोड मिळे. हिशेबाची जबाबदारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखालील वित्त विभागावर राहिली. त्या वेळी नरखेड काटोल तालुक्याचाच भाग होता. मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या त्या गावांसाठी निर्णयाचे ठिकाण मुंबईऐवजी नागपूर झाले.

५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत सलग त्या पदावर राहिले. या काळातील एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली. त्यानंतर जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली, त्यांचे अध्यक्षपद मंत्र्याकडे आणि सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे गेले. ज्या जिल्हाधिकाऱ्याला नाईक समितीने परिषदेबाहेर ठेवले होते, तोच नियोजनाच्या पैशाच्या दारात पुन्हा उभा राहिला, आणि तेही नाईकांच्याच राजवटीत. दुष्काळात तातडीची यंत्रणा हवी होती हे खरे; पण दुष्काळ सरल्यावरही तो अधिकार परिषदांकडे परतला नाही.

१९७७ मध्ये नाईक वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो.