पाळत ठेवणाऱ्यावर पाळत कोणाची?

लग्नाआधी स्थळाची चौकशी करून देणाऱ्या डिटेक्टिव्ह एजन्सीच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. अशी एजन्सी काढायला लायसन्स लागतं का, असा प्रश्न कधी पडलाय? मग ॲलन पिंकर्टनची गोष्ट वाचाच.

जन्म १८१९चा, ग्लासगोमधला. काम लाकडी पिंपं बनवायचं. कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून हा पठ्ठ्या चार्टिस्ट चळवळीत उतरला. १८४२मध्ये त्याने अमेरिका गाठली आणि शिकागोजवळच्या डंडी गावात पुन्हा पिंपांचा धंदा टाकला. एकदा लाकूड शोधत नदीतल्या बेटावर गेला, तर तिथे बनावट पैसा पाडणाऱ्या टोळीचा अड्डा! त्याने शेरीफला गाठून टोळी पकडून दिली आणि आयुष्याची गाडीच वळली. १८५०च्या सुमारास शिकागोत त्याची डिटेक्टिव्ह एजन्सी उभी राहिली. बोधचिन्ह काय, तर टक्क उघडा डोळा.

एजन्सीचे नियम त्याने स्वतःच केले. घटस्फोटाच्या केसेस घ्यायच्या नाहीत, बक्षिसाच्या पैशाला हात लावायचा नाही. १८५६मध्ये त्याने केट वॉर्न या महिलेला डिटेक्टिव्ह म्हणून नेमलं. पळून आलेल्या गुलामांना घरात आसरा दिला. १८६१मध्ये लिंकनना मारण्याच्या कटाची कुणकुण लागली, तेव्हा त्यांना गुपचूप वॉशिंग्टनला पोचवणाऱ्यांत हाच होता. एकदम हिरो, नाही का?

थांबा. १८७५मध्ये जेसी जेम्स या दरोडेखोराला पकडायला त्याची माणसं मिझुरीतल्या घरावर गेली. खिडकीतून आत पेटता गोळा टाकला, स्फोट झाला. जेसी घरात नव्हताच. त्याचा ८ वर्षांचा सावत्र भाऊ मेला, आईचा हात गेला. शिक्षा कोणालाच झाली नाही. स्वतः केलेले नियम स्वतःला कितपत अडवतात, ते इथे दिसलं.

१८८४मध्ये पिंकर्टन गेला, एजन्सी मुलांकडे आली. १८९२मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामगारांचा मालकांशी झगडा पेटला, तेव्हा एजन्सीची ३०० माणसं तिथे उतरवली गेली. गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली. कामगारांसाठी लढलेल्या माणसाचं नाव कामगारांनाच शिवीसारखं झालं. १८९३मध्ये अमेरिकी काँग्रेसने सरकारी कामाला पिंकर्टनची माणसं घ्यायला बंदी केली. पुढे एकेका राज्याने लायसन्सचे कायदे केले. आज तिथल्या बहुतेक राज्यांत लायसन्सशिवाय हा धंदा करता येत नाही. नियम मोडले, तर लायसन्स रद्द होऊ शकतं.

आणि आपल्याकडे? सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी २००५चा कायदा आहे. डिटेक्टिव्ह एजन्सींसाठीचं विधेयक २००७मध्ये राज्यसभेत आलं, पण कायदा काही झाला नाही. म्हणजे उद्या तुमच्या मागावर कोणी राहिलं, फोटो काढले, तर पोलिसांत जाता येईल. पण त्या माणसाचा धंदा बंद करायचा म्हटलं, तर रद्द करायला लायसन्सच नाही. एजन्सीने नियम पाळायचे, ते पिंकर्टनसारखे स्वतःच्या मर्जीने. त्या मर्जीवर तुम्ही कितपत विसंबाल?